शनिवारचा फ्रिज

आमच्या घरी आता जो फ्रिज आहे तो बोलतो. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की टीं टीं करून ओरडतो आणि आतून बायको म्हणते, "अहो, दार!" मला दर वेळी काकांची आठवण येते. यंत्रात ही सोय येण्याच्या आधी मी एका अशा फ्रिजच्या सहवासात राहिलो आहे, जिथे ओरडण्याचं काम एक जिवंत माणूस करायचा. आणि तो दार उघडल्यावर नव्हे, उघडायच्या आधीच ओरडायचा.

"काय हवंय?"

"लिंबू."

"कुठे आहे?"

"दारात. वरच्या कप्प्यात."

"एकच ना?"

"एकच."

"हं. मग उघडा."

माणसानं आधी बंद दारासमोर उभं राहून विचार करावा, मग दार उघडावं, हवं ते काढावं आणि दार लावावं, असा त्यांचा नियम होता. दार उघडून आत बघत विचार करणाऱ्यांबद्दल ते ज्या सुरात बोलायचे, त्या सुरात आमच्याकडे लोक दारुड्यांबद्दल बोलतात.

काका म्हणजे माझे घरमालक. नाशिकला इंदिरानगरमध्ये त्यांचं बैठं घर होतं आणि गच्चीवर एक खोली होती. ती खोली माझी. मी धुळ्याहून नोकरीसाठी आलेलो, अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करत होतो. काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले होते. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. एकुलती मुलगी पुण्याला होती, तिला मी ताई म्हणायचो. काका मला नावानं कधीच हाक मारत नसत. मी वर राहायचो म्हणून मी 'वरचे'. "अहो वरचे, खाली या," अशी हाक आली की गल्लीतल्या सगळ्यांना कळायचं की मला बोलावलंय.

माझ्याकडे फ्रिज नव्हता. राहायला आलो त्याच दिवशी काकांनी मला त्यांच्या फ्रिजमधला मधला खण दिला. फार मोठी मेहेरबानी केल्यासारखा नाही, उलट जरा घाईघाईनंच दिला. म्हणाले, "तुमचं काय असेल ते ठेवा. दूध, भाजी. रिकामा खण बरा दिसत नाही." मला तेव्हा तो भाडेकरूचा मान वाटला. पुढे कळलं की त्या फ्रिजमध्ये एका माणसाचं सामान मावून बाकीचे खण रिकामेच उरत होते. अर्धी काकडी, कागदात गुंडाळलेली कोथिंबीर, दुधाचं पातेलं, झाकलेली एक वाटी, जॅमच्या जुन्या काचेच्या बरणीत दही. दारातल्या अंड्यांच्या खळग्यांत लिंबं आणि एका खळग्यात डोळ्यांत घालायचं औषध. दार उघडलं की आतला दिवा एवढ्याशा सामानावर पडायचा आणि उगाच कसंतरी व्हायचं. मीही एकटाच होतो, पण माझं एकटं असायचं वय होतं.

फ्रिज एका दाराचा, जुना, एकेकाळचा आकाशी. तो स्वयंपाकघरात नव्हता, बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी होता. कारण स्वयंपाकघरात तो भिंतीला चिकटला असता, आणि काकांच्या मते फ्रिजला मागून श्वास घ्यायला वीतभर जागा लागते. त्याच्या पुढच्या पायांखाली पोस्टकार्डं घडी करून घातलेली होती. पुढून जरा उचललेला असला की दार आपल्या वजनानं लागतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं आणि नंतर जवळजवळ प्रत्येक आठवड्यात.

आता शनिवारचं सांगतो. आमच्या भागात शनिवारी लाईट जायची. वीजवाले तारांची दुरुस्ती करायचे, कारखाने बंद असायचे, म्हणून मलाही सुट्टी. लोक शनिवारी वैतागलेले असत. टाकीत पाणी नाही, मिक्सर नाही, पंखा नाही. काका मात्र सकाळपासून तयारीत असत. जुना टॉवेल, कोमट पाण्याचं भगुलं, खायचा सोडा, दात घासायचा जुना ब्रश, कापूस गुंडाळलेली एक काडी. लाईट गेली की ते फ्रिजकडे बघून "चला" म्हणत. एखाद्या शनिवारी लाईट गेलीच नाही तर ते अस्वस्थ व्हायचे. दहा वाजले तरी पंखा फिरतोय म्हणून गेटपाशी जाऊन खांबाकडे बघणारा माणूस अख्ख्या नाशकात तेवढा एकच असेल. "शनिवार आहे आणि लाईट आहे! काय चाललंय काय?" असं ते समोरच्या वहिनींना विचारायचे. मग नाइलाजानं स्वतःच बटण बंद करायचे.

पहिले काही शनिवार मी नुसता बघत बसायचो. मग हळूहळू माझ्याकडे कामं आली. आतलं सगळं काढून ओल्या फडक्याखाली मांडणं माझं. वरच्या कप्प्यातला बर्फ आपोआप वितळू द्यायचा, त्याला हात लावायचा नाही. समोरच्या वहिनींच्या यजमानांनी एकदा बर्फ काढायला सुरी खुपसली होती आणि नळी फुटून त्यांच्या फ्रिजचा गॅस गेला होता. ती गोष्ट काका हलक्या आवाजात, मयताची सांगावी तशी सांगायचे. साबण अजिबात नाही, कारण त्याचा वास लोण्याला लागतो. कोमट पाण्यात सोडा टाकून पुसायचं, मग साध्या पाण्यानं, मग कोरड्या फडक्यानं. तळाशी पाणी जायचं जे बारीक भोक असतं ते काडीनं साफ करायचं. मागच्या काळ्या जाळीवरची धूळ मऊ केरसुणीनं झाडायची.

आणि सगळ्यात शेवटी रबर. दाराच्या कडेनं जे रबर असतं त्याच्या प्रत्येक घडीतून काका तो ब्रश फिरवायचे. त्यात कुठून आला असेल असा बारीक भाजीचा तुकडा, साखरेचा कण सापडला की मला दाखवायचे. "बघा. एवढ्यानंसुद्धा दार उघडं राहतं." मग दिनदर्शिकेचं फाडलेलं पान दारात धरून दार लावायचं आणि पान ओढून बघायचं. पान सहज निघून आलं तर दार नीट लागलेलं नाही. हे चारही बाजूंनी करायचं. रबराच्या बाबतीत मी एकदा गंमत केली. म्हणालो, "काका, एवढी काळजी तर लोक बँकेच्या तिजोरीची घेत नाहीत." ते हसले नाहीत. म्हणाले, "तिजोरीतलं जिवंत नसतं."

फ्रिजमधलं जिवंत काय, हे मला ताईनं सांगितलं होतं. किंबहुना ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. ते म्हणजे घरचं दही. काकू होत्या तेव्हा रोज रात्री दूध विरजायच्या, आणि त्यातलंच चमचाभर दुसऱ्या दिवसासाठी बाजूला ठेवायच्या. त्या गेल्यावर काकांनी ते चालू ठेवलं. एकही दिवस न चुकवता. म्हणजे आज फ्रिजमध्ये जे दही आहे ते कालच्या दह्यापासून, कालचं परवाच्या, असं मागे मागे गेलं की थेट काकूंच्या हातापाशी पोहोचतं. ताईनं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी बरणीकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं होतं. समोरच्या वहिनी तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगायच्या, "आमच्या काकांनी काकूंना फ्रिजमध्ये जपून ठेवलंय." ऐकायला विचित्र होतं, पण त्यात चेष्टा नव्हती. काका मात्र असा विषय निघाला की चष्मा पुसायला घ्यायचे किंवा नळ चालू आहे का बघायला उठायचे.

मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. फ्रिजमधली ती झाकलेली स्टीलची वाटी काकूंची होती. लग्नात माहेरच्यांनी नाव घालून दिलेली. काकू त्याच वाटीत विरजण ठेवायच्या, हे ताईनंच सांगितलेलं. काका मात्र विरजण ठेवायचे बरणीत आणि वाटीत जमवायचे साय. मी एकदा विचारलं, "काका, विरजण काकूंच्या वाटीत का नाही ठेवत?"

"बरणी बरी पडते," ते म्हणाले.

"पण वाटीला नाव आहे त्यांचं."

"म्हणून तर," ते म्हणाले, आणि मला दिनदर्शिकेचं पान आणायला पाठवलं. मी ते त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून दिलं. त्या खात्यात जागेची कधीच कमतरता नव्हती.

रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवून बाहेरच्या ओट्यावर बसायचे, आणि बापलेकीचं बोलणं मला गच्चीच्या पायरीवर बसून ऐकू यायचं. ऐकायला फार काही नसायचं.

"जेवलात का?"

"जेवतो आता."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"विरजण लावलं?"

"लावतो. दूध कोमट होतंय."

"आईचं विरजण नीट आहे ना, बाबा?"

"दही चांगलं लागतंय."

मग "बरं, ठेवते." एवढ्यावर फोन संपायचा. ताईच्या शेवटच्या प्रश्नाला काका कधी 'हो' म्हणत नसत, दही चांगलं लागतंय एवढंच म्हणत, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण काकांची बोलायची पद्धतच तशी आडवी होती. मला एवढंच दिसायचं की त्या दोघांना एकमेकांशी बोलायला दुसरा विषय उरलेला नाही. ते चमचाभर दही होतं म्हणून रोज फोन येत होता. रविवारी मी खाली जेवायला असलो तरी फोनची वेळ झाली की काका हात धुऊन ओट्यावर जायचे आणि फोन मांडीवर घेऊन बसायचे. फोन उशिरा आला तर त्यांचा चेहरा बघवत नसे.

एकदा ताई शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना एका जुन्या सहकाऱ्याच्या दहाव्याला रामकुंडावर जायचं होतं. निघताना ते फ्रिजकडे बघून घुटमळले, कारण शनिवार होता. मला म्हणाले, "आल्यावर करू." मीही मित्राकडे गेलो. आणि ताईच्या मनात आलं की म्हाताऱ्या माणसाला उन्हातून येऊन पुन्हा हे काम नको. लाईट गेली तशी तिनं पदर खोचला.

तिनं सगळं अगदी बापासारखं केलं. बर्फ वितळू दिला, सोड्याच्या पाण्यानं पुसलं, रबर घासलं. बाहेर काढलेल्या वस्तूंपैकी बरणीतलं दही उन्हाच्या दिवसांत आंबेल, म्हणून तिनं त्याची कढी केली. विरजणाची तिला काळजी नव्हती. आईची वाटी जागेवर होती, झाकण उचलून तिनं बघितलं होतं, आत पांढरं दिसलं होतं. वाटी फ्रिजमध्ये परत ठेवताना तिनं तिला हातही जोडले होते, हे तिनंच नंतर मला सांगितलं.

दुपारी मी आलो तेव्हा घरभर कढीपत्त्याच्या फोडणीचा वास होता. मी दोन वाट्या कढी प्यायलो आणि तिसरी मागितली. तेवढ्यात काका आले. अंघोळ करून पानावर बसले. फ्रिजचं दार चकाचक दिसत होतं, त्याकडे बघून मान हलवली. पहिला भुरका घेतला आणि थांबले.

"कढी कसल्या दह्याची?"

"बरणीतल्या. आंबलं असतं ना, बाबा. विरजण आहे वाटीत."

काकांनी पुढ्यातल्या कढीकडे बघितलं नाही. फ्रिजकडे बघितलं नाही. ताईकडे बघितलं, आणि मग ती कढी सगळी संपवली. म्हणाले, "छान झालीये. अजून वाढ."

मला तेव्हाच कळलं होतं, पण काकांनी डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

संध्याकाळी ताईनं दूध कोमट केलं आणि काकूंची वाटी काढली. चमचा घातला आणि ती तशीच उभी राहिली. "बाबा, ही साय आहे. विरजण कुठाय?"

"जाऊ दे गं," काका म्हणाले.

"विरजण कुठाय?"

"बरणीत असतं. असायचं. जाऊ दे. उद्या डेअरीतून आण वाटीभर."

ताई खाली बसली ती उठेचना. मी कुणाला असं रडताना बघितलेलं नाही. आईचे दागिने हरवले असते तरी ती इतकी रडली नसती. "डेअरीतून आण म्हणता? तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि काका तिच्या शेजारी उकिडवे बसून "अगं, दहीच ते" एवढंच म्हणत होते. त्यांचा हात तिच्या डोक्यापर्यंत जात होता आणि परत येत होता.

तिला तेव्हाच शेजारी जायचं होतं. काका पूर्वी ज्यांना ज्यांना विरजण द्यायचे, त्यांच्यापैकी कुणाकडे तरी ते चालू असेल. पण दिवेलागण झाली होती, आणि दिवेलागणीनंतर दही कुणी कुणाला देत नाही. म्हणून ती रविवारी सकाळी निघाली, हातात तीच वाटी घासूनपुसून घेऊन. काका मला म्हणाले, "वरचे, जा तिच्याबरोबर."

मी गेलो. ती सकाळ मला अजून आवडत नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, आता कोण घरी लावतंय दही? आम्ही पिशवी आणतो." कोपऱ्यावरच्या घरात सून बाहेर आली आणि तिला विरजण म्हणजे काय हवंय ते समजावून सांगावं लागलं. एका घरात म्हणाले, काका द्यायचे तेव्हा चार दिवस लावलं, मग कंटाळा आला. सगळी माणसं चांगली होती. सगळ्यांनी आम्हाला बसा म्हटलं, चहा विचारला, फ्रिज उघडून बाजारचे डबे दाखवले. आम्ही रिकामी वाटी घेऊन परत आलो. काका गेटपाशीच उभे होते. त्यांनी वाटी बघितली आणि गेट उघडलं.

तेवढ्यात भाजीवाल्या मावशी हातगाडी घेऊन आल्या. मखमलाबादच्या. त्या या गल्लीत ताई शाळेत होती तेव्हापासून येत होत्या, काकू त्यांच्याकडूनच भाजी घ्यायच्या, आणि आता काका रोज सकाळी मूठभर काहीतरी घ्यायचे, लागो न लागो. मावशींनी ताईचे डोळे बघितले.

"काय झालं वं ताई? लय रडल्या का काय?"

ताईनं सांगितलं. मावशी आधी नीट ऐकत होत्या, मग त्यांनी गाडीवरचं ओलं पोतं नीट केलं आणि हसल्या.

"आता त्याला काय रडायचं? काकूचंच विरजण पायजे ना? माझ्याकडं हाय की."

"तुमच्याकडे?"

"मंग! माझा सासरा वारला तवा सुतकात घरातल्या दह्याकडं कोनी बघितलं नाय, समदं नासून गेलं. सुतक फिटल्यावर हितं भाजी घेऊन आले तर काकूंनी वाटीत घालून दिलं मला. तवापास्नं तेच चालू हाय. घरी म्हैस हाय, दही रोजच लागतं."

ताईनं त्यांचा हात धरला. मावशी सांगतच होत्या. "काकू गेल्या तवा मी आननारच व्हते. म्हनलं, काकांकडं बी तसंच झालं असंल, सुतकात कोन बघतंय. पर तुमीच म्हनल्या ना ताई, का बाबांनी आईचं टिकवलंय. मंग म्हनलं, हाय तर कशाला न्यायचं."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी गेटचा दांडा धरला होता. ते वळले आणि आत गेले. ऊन लागलं असेल असं मला वाटलं.

मावशी म्हणाल्या, माल विकून घरी जाईपर्यंत सांज होईल, सांजेचं दही द्यायचं नाही, उद्या सकाळी आणते. ताईला संध्याकाळच्या गाडीनं जायलाच हवं होतं. जाताना तिनं काकांना दहा वेळा बजावलं, दूध कोमटच ठेवा, जास्त हलवू नका. काका "हो हो" म्हणत होते. बसथांब्यावर मी तिला सोडायला गेलो तर ती म्हणाली, "बरं झालं. माझ्या हातून गेलं होतं ते परत मिळालं."

सोमवारी मी कामावर निघायच्या तयारीत होतो तेव्हा खालून हाक आली. "अहो वरचे, खाली या."

ओट्यावर एक छोटा पितळी डबा होता. मावशी देऊन गेल्या होत्या. काका त्याच्यासमोर बसले होते, झाकण उघडलेलं नव्हतं. मी शेजारी बसलो. कंपनीची बस जाईल असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

"ही गेली तेव्हा," काका म्हणाले, "घरात चूल पेटत नव्हती. सगळे शेजारी डबे आणून द्यायचे. उरलेलं सगळं त्या फ्रिजमध्ये कोंबलेलं. कुठल्या तरी डब्याची कडी रबरात अडकली असावी. दार लागलंच नव्हतं. किती दिवस कोण जाणे. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी पहिल्यांदा तिकडे गेलो तर खाली पाणी साचलेलं आणि वाटीत हिरवी बुरशी."

मी डबा जरा उन्हाच्या आत सरकवला.

"वाटी घासली. डेअरीतून दही आणलं आणि बरणीत ठेवलं. मला ताक लागतं म्हणून, दुसरं काही नाही. महिन्यानं पोरगी पुन्हा आली. जेवताना तिनं दही तोंडात घातलं आणि म्हणाली, बाबा, हे आईचं आहे. तुम्ही आईचं विरजण ठेवलंत. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. आता सांगा, मी काय बोलणार होतो? मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. मग ती रोज फोन करून विचारायला लागली."

म्हणजे वाटीत साय होती ती त्यासाठी. खोटं त्यांनी बरणीत ठेवलं होतं, काकूंच्या नावाच्या वाटीत घातलं नव्हतं. आणि तेवढ्या एका खरेपणापायी ताईचा घोटाळा झाला होता. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"आणि ही बाई," काका गेटकडे बोट दाखवून म्हणाले, "रोज माझ्या दारावरून जात होती. मी रोज तिच्याकडून मेथी घेतली, कोथिंबीर घेतली. विचारलं असतं की बाई, हिनं तुला कधी विरजण दिलं होतं का, तर लगेच हो म्हणाली असती. पण विचारायचं तर आमचं गेलं हे सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं ते दाराबाहेर होतं आणि मी आत रबर घासत बसलो होतो."

त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. तो फार हलका होता.

मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं. दही घट्ट होतं, वर किंचित पिवळसर साय, म्हशीचं. चमच्याच्या टोकावर घेऊन त्यांनी चाखलं आणि डोळे मिटून बराच वेळ तोंडात ठेवलं. मी विचारलं, "लागतंय का तसं?"

"आठवत नाही," काका म्हणाले. "खरंच आठवत नाही हो. पण तिचंच आहे ना? आहेच."

सोमवार असूनही त्यांनी सोड्याचं पाणी केलं, काकूंची वाटी घासली, पुसली आणि त्यात ते विरजण घातलं. जॅमची बरणी मला दिली. म्हणाले, "तुमच्या खणात ठेवा, लोणच्याला होईल." माझी बस गेली होती. मी त्या दिवशी कामावर गेलोच नाही.

संध्याकाळी फोन वाजला. मी गच्चीच्या पायरीवर होतो. काका ओट्यावर.

"जेवलात का?"

"जेवतो आता."

"मावशींनी आणून दिलं?"

"दिलं."

"लावलं?"

"हे काय, आत्ताच. तुझ्या आईच्या वाटीतून."

मग ताई नेहमीसारखंच, पण भीत भीत म्हणाली, "बाबा, आईचंच आहे ना ते?"

"हो," काका म्हणाले. "आईचंच आहे."

फोन झाल्यावर ते आत गेले. दिवा लावला नाही. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि आतला उजेड बाहेरच्या खोलीच्या फरशीवर पडला. मी पायरीवरून वाकून बघितलं. काका दार धरून आत बघत उभे होते. त्यांना काहीच काढायचं नव्हतं. मी दार लागण्याच्या आवाजाची वाट पाहत बसलो, आणि तो बराच वेळ आला नाही.